रक्ताला परका न वाटणारा थर

शरीरात बाहेरची वस्तू बसवली, मग ती हृदयाची कृत्रिम झडप असो वा साधी प्लास्टिकची नळी, रक्त लागताच काही सेकंदांत तिच्यावर प्रथिनं बसू लागतात. प्लेटलेट्स, पेशी, जंतू नंतर येतात आणि त्यांची गाठ पडते ती या थराशी. खालचं प्लास्टिक त्यांना दिसतही नाही. गुठळी धरणार की नाही, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

या थरात काय उलथापालथ चालते, ते लिओ व्रोमान यांनी दाखवून दिलं. १९१५ साली नेदरलँड्समधल्या गौडा गावी जन्मलेले व्रोमान डच भाषेतले मोठे कवी आणि पेशाने रक्ताचे अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांचे युद्धकैदी होते, नंतर अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांनी पाहिलं ते असं: पृष्ठभागावर आधी अल्ब्युमिन येतं, कारण रक्तद्रवात तेच सर्वांत मुबलक. मग फायब्रिनोजेन त्याला उठवून जागा बळकावतं आणि काही वेळाने किनिनोजेन फायब्रिनोजेनलाही हुसकावतं. यातलं फायब्रिनोजेन सर्वांत घातक, कारण प्लेटलेट्सना धरायला नेमकं तेच हवं असतं.

मग प्रथिनं बसूच नयेत, असा पृष्ठभाग करायचा कसा? पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या दाट उभ्या करण्याचा मार्ग बराच चालला, पण हवेतल्या ऑक्सिजनने त्या हळूहळू खराब होतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा मार्ग. रक्त ज्या पृष्ठभागाच्या सहवासात आयुष्यभर राहतं आणि तरी गोठत नाही, तो म्हणजे तांबड्या पेशीचं बाहेरचं आवरण. या आवरणाच्या दर्शनी बाजूला मुख्यतः फॉस्फोरिलकोलीनची टोकं असतात. एक ऋण भार, त्याला लागूनच एक धन भार, गोळाबेरीज शून्य. तेच टोक प्लास्टिकवर लावता आलं तर? लंडनमध्ये डेनिस चॅपमन यांनी याच दिशेने काम केलं. टोकियोच्या वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यापीठात नोबुओ नाकाबायाशी यांनी १९७०च्या दशकातच असं टोक असलेला रेणू घडवला होता. तोच एमपीसी.

पण रेणू घडवणं आणि तो शुद्ध हाती लागणं यांत मोठं अंतर होतं. शेवटच्या पायरीला ट्रायमिथिलअमीन लागतं. नासलेल्या मासळीला जो उग्र दर्प येतो, तो याच रसायनाचा. खोलीच्या तापमानाला ते वायूरूप असतं, म्हणून ते गार करून घालायचं, पात्र घट्ट बंद करायचं आणि मग तापवायचं. थंड केल्यावर एमपीसीचे पांढरे स्फटिक खाली बसतात. ते उघड्यावर गाळले तर हवेतली ओल शोषून चिकट होतात, म्हणून गाळणंही कोरड्या वायूखाली. १९८७मध्ये काझुहिको इशिहारा नाकाबायाशींच्या विद्यापीठात रुजू झाले, ही पद्धत त्यांनी पक्की केली आणि मगच जगाला पुरेसं एमपीसी मिळू लागलं. या साऱ्या कथेत खरं श्रेय मी या किचकट शुद्धीकरणाला देईन. मूळ कल्पना सुंदर होतीच, पण ती कितीतरी वर्षं कपाटात पडून होती.

एमपीसी एकटं पाण्यात विरघळून जातं. म्हणून त्याचे तीस भाग आणि ब्युटिल मेथाक्रिलेटचे सत्तर भाग अशी साखळी करतात. ब्युटिलचा भाग प्लास्टिकला धरून ठेवतो. ही साखळी अल्कोहोलमध्ये विरघळते. वस्तू तीत बुडवायची, काढायची, वाळवायची, की झालं. वाळलेल्या थरात ब्युटिल वर येऊन बसतं आणि पाण्यात भिजवलं की फॉस्फोरिलकोलीनची टोकं बाहेर वळतात. त्यामुळे असा थर वापराआधी नीट भिजवावा लागतो.

प्रथिनं का बसत नाहीत, याचं उत्तर इशिहारांच्या गटाने १९९८मध्ये पाण्यात शोधलं. साध्या प्लास्टिकलगतचं पाणी जखडल्यासारखं असतं. प्रथिन आलं की ते पाणी सुटतं, प्रथिन उलगडतं आणि त्याचा आतला, पाणी टाळणारा भाग पृष्ठभागाला घट्ट बिलगतो. एमपीसीभोवतीचं पाणी मात्र बरंचसं मोकळ्या पाण्यासारखंच वागतं. चिकटून प्रथिनाला काही मिळवायचंच नसतं. ते टेकतं आणि आपला आकार न बिघडवता निघून जातं. साध्या प्लास्टिकवर चौरस सेंटिमीटरला काहीशे नॅनोग्रॅम प्रथिन सहज साचतं. उत्तम थरावर फायब्रिनोजेन पाच नॅनोग्रॅमच्या आत राहावं, अशी या क्षेत्रातली अपेक्षा असते.

चॅपमन यांच्या वाटेने फॉस्फोरिलकोलीन कॉन्टॅक्ट लेन्समध्ये आलं. अश्रूंतल्या प्रथिनांनी लेन्स धुरकटते, त्यावर हा इलाज. जपानच्या एव्हाहार्ट या हृदयाला साथ देणाऱ्या पंपात रक्त लागणाऱ्या भागांवर एमपीसीचा लेप असतो. नितंबाच्या कृत्रिम सांध्याला मात्र नुसता लेप पुरत नाही, पावलागणिक तो घासला जातो. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी म्हणून अतिनील प्रकाश टाकून सांध्यातल्या पॉलिएथिलीनच्या वाटीतूनच एमपीसीच्या साखळ्या उगवल्या, सुमारे शंभर नॅनोमीटर उंचीच्या. चालण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रात ती वाटी तीस लाख वेळा फिरवली, तरी तिची झीज साध्या वाटीपेक्षा फारच कमी निघाली. हे निष्कर्ष २००४मध्ये छापून आले आणि २०११मध्ये क्योसेरा कंपनीने ‘अक्वाला’ नावाने ही वाटी जपानमधल्या रुग्णांसाठी बाजारात आणली.