ताण तुटला की वजन हलतं

"मोटर कधी बंद केली, भाऊ?" टेप विहिरीत सोडण्याआधी मोजणाऱ्यानं विचारलं.
"लाइन रातच्याला होती. सकायीच गेली."
मग थांबणं आलं. उपशानं खाली बसलेली पातळी वर येऊन स्थिरावल्याशिवाय आकडा कामाचा नसतो. टेपच्या टोकाला खडू फासलेला. कठड्यावर आलेल्या आकड्यातून ओल्या भागाची लांबी वजा, मग कठड्याची उंची वजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींवर हे वर्षातून चारदा करते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.

मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत. अशा ठिकाणी खोलातलं पाणी घटतंय का, हे गुरुत्वाकर्षण पुन्हापुन्हा मोजून कळू शकतं. न्यूझीलंडमधल्या वैराकेईत १९५८ पासून भूऔष्णिक वीज बनते. तिथं उपशानं किती वस्तुमान गेलं ते असंच शोधलं. सालबर्डीत कुणी गुरुत्वाकर्षण मोजणारं यंत्र मांडलं, तर त्याला आधी आपल्या विहिरी समजून घ्याव्या लागतील.

एक मीटर पाण्याचा सलग थर गुरुत्वाकर्षणात सुमारे ४२ मायक्रोगॅलची भर घालतो. मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा साधारण अब्जावा भाग. पण विहीर मीटरभर चढली म्हणून मीटरभर पाणी वाढत नाही. काळ्या पाषाणात पाण्याला जागा जेमतेम दोन टक्के. पातळी दहा मीटर चढली तरी आठ-साडेआठ मायक्रोगॅलच. पायथ्याच्या गोटे-वाळूच्या भरावात ती जागा दहा टक्के धरली, तर तेवढ्याच चढाला ४२. शिवाय मातीत मुरलेला १०० मिलिमीटर पाऊस विहिरीत दिसण्याआधीच चार मायक्रोगॅल वाढवतो. काळी जमीन भिजून फुगते. यंत्र एक सेंटिमीटर उचललं गेलं की तीन मायक्रोगॅल कमी. म्हणून यंत्र उघड्या खडकावरच ठेवावं.

मला सगळ्यात मोठी अडचण दिसते ती संत्र्याच्या बागांची. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण देतात, तेव्हा बागेच्या मोटारी गप्प असतात. जानेवारीत ताण तोडला की शिवारभर उपसा सुरू. पर्जन्यमापकात यातलं काहीच उमटत नाही. नुसत्या पावसावर हिशेब मांडणारा या उपशानं आलेली गुरुत्वाकर्षणातली घट खोलातल्या गरम पाण्याच्या नावावर टाकेल.

तिथं वर्षाच्या चार नोंदी पुरणार नाहीत. झऱ्याभोवतीच्या दोन-तीन विहिरींत स्वयंचलित नोंदयंत्र हवं. प्रत्येक विहीर पाषाणात आहे की भरावात, हे वहीत हवं. आणि शेजारच्या बागायतदाराला विचारून ताण कधी धरला, कधी तोडला, त्या तारखाही.