ग्राहक-नोंदणीचा अर्ज कसा असावा?

छापील भावपत्रके वाटण्याचे दिवस सरत आले. तांदूळ, डाळी, गूळ यांचे भाव ग्राहकांस ई-मेलने कळवावेत, असे पेडणे-डिचोली भागातील ज्या सभासदांच्या मनात असेल, त्यांस प्रथम ग्राहकांकडून नोंदणीचा अर्ज भरून घ्यावा लागेल. हा अर्ज दिसावयास क्षुल्लक. परंतु ग्राहक आपला पत्ता विश्वासाने देतो की केवळ भिडेस्तव, हे त्याच्या रचनेवरच ठरते.

पुष्कळ अर्जांत वय, जन्मतारीख, घरचा पत्ता, व्यवसाय असा सारा पसारा मांडलेला असतो. शिरगणतीचा तक्ता भरण्यासाठी कोणी दुकानात येत नाही! भावपत्रक पाठविण्यास ई-मेलचा पत्ता पुरे, फार तर नाव. आपल्या धंद्यात मात्र आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : माल घरासाठी की हॉटेलासाठी? हरमल, मांद्रे, मोरजी येथील हॉटेलवाल्यास पर्यटनाच्या हंगामात पोत्यांचे भाव हवे असतात. डिचोलीच्या गृहिणीस चवथीपूर्वी गूळ, खोबरे, चणाडाळ यांचे. दोघांस एकच पत्र धाडल्यास दोघेही ते न वाचताच काढून टाकतील. ज्या उत्तराचा पुढे उपयोग करावयाचा नाही, तो प्रश्न विचारूच नये.

अर्जाच्या माथ्यावर ‘आमच्याशी जोडलेले राहा’ असले मोघम वाक्य नको. ‘दर सोमवारी धान्याचे भाव, आठवड्यास एकच पत्र’ असे स्पष्ट लिहावे, आणि तसेच पाळावे. खालच्या बटणावरही ‘सादर करा’ याऐवजी ‘भावपत्रक हवे’ असे शब्द असावेत.

संमतीची चौकट रिकामी ठेवावी. खूण ग्राहकानेच करावी. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे न मागता तागडीत टाकलेला माल होय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मोकळेपणाने व स्पष्ट कृतीने दिलेली असावी, आणि ती देण्याइतकेच मागे घेणेही सुलभ असावे, असे म्हटले आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकास द्यावयाचा आहे. मराठी त्या परिशिष्टात आरंभापासून आहे, कोकणी १९९२ पासून. तेव्हा आपल्या तालुक्यांत अर्ज दोन्ही भाषांत ठेवणे उचित. बिल करताना मोबाईल क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानेही मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांस बजावले होते. गल्ल्यावर घाईत उतरवून घेतलेल्या क्रमांकांस ग्राहकांची यादी म्हणणे मला पटत नाही.

अर्ज येताच त्या पत्त्यावर एक पत्र जावे, व त्यातील दुवा दाबल्यावरच नाव यादीत चढावे. याने काही नावे गळतात हे खरे; पण चुकीचे आणि परस्पर दिलेले पत्तेही गळतात. हा लाभ मोठा आहे. नको असलेली पत्रे ग्राहक ‘स्पॅम’ ठरवितात, आणि मग आपली पत्रे इतरांच्याही नजरेआड टाकली जाऊ लागतात. जीमेलवर दिवसास ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राखण्याचा दंडक घातला; एका टिचकीत नाव कमी करण्याची सोयही त्यांस सक्तीची केली. आपली यादी दोनशेचीच असली, तरी ती सोय प्रत्येक पत्राच्या तळाशी ठेवावी.

अर्ज तयार झाला की दुकानातील नोकराच्या साध्या मोबाईलवर तो भरून पाहावा. मोठ्या संगणकावर सुबक दिसणारे रकाने लहान पडद्यावर पुष्कळदा बोटाखाली सापडतच नाहीत.