कायद्यात दडलेला धर्म

९ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन महिला न्यायमूर्तींनी एका विवाहितेला सुमारे सव्वीस आठवड्यांच्या गर्भाचा पात करण्याची परवानगी दिली. तिला आधीची दोन मुले होती. धाकटे अंगावर पीत असल्याने पाळी सुरू झालेली नव्हती, म्हणून दिवस गेल्याचे उशिरा ध्यानात आले. प्रसूतीनंतरच्या मानसिक विकारावर तिचे उपचार सुरू होते. दुसऱ्याच दिवशी ‘एम्स’मधील एका डॉक्टरने विचारणा केली की, गर्भ जगण्याची शक्यता आहे, तेव्हा त्याचे हृदय आधी थांबवायचे काय? ११ ऑक्टोबरला त्याच दोघींमध्ये मतभेद झाला. आपली न्यायिक सदसद्विवेकबुद्धी अनुमती देत नाही, असे न्या. हिमा कोहली म्हणाल्या, न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी त्या स्त्रीच्या निर्णयाचा मान राखावा, असे मत दिले. १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या त्रिसदस्यीय पीठाने परवानगी नाकारली.

या आठवड्यात ईश्वराचे नाव कोणी घेतले नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये न्यायालयाने दिलेला अधिकार २०२२ मध्ये न्यायालयानेच काढून घेतला आणि मधली जवळजवळ पन्नास वर्षे तेथील चर्च, निवडणुका व न्यायाधीशांच्या नेमणुका याच प्रश्नाभोवती फिरत राहिल्या. आपल्याकडे १९७१ मध्येच संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. त्यासाठी मोर्चे निघाले नाहीत, दंगे झाले नाहीत. याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. पण वाद झाला नाही म्हणून प्रश्न सुटला, असे समजण्याची सवय आपल्या प्रशासनाला आहे. तीच येथेही नडली.

१९६४ मध्ये केंद्राने महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ च्या तिच्या अहवालामागची मोठी चिंता होती ती चोरून होणाऱ्या गर्भपातांत दगावणाऱ्या स्त्रियांची. लोकसंख्येची धास्ती त्या काळाच्या हवेतच होती. स्त्रीचा हक्क हा शब्द मात्र कायद्याच्या रचनेत उतरला नाही. दंडसंहितेने गुन्हा ठरवलेल्या कृत्यातून डॉक्टरला मिळालेली सूट, एवढेच त्या कायद्याचे स्वरूप आहे. ‘मला हे मूल नको’ हे कारण त्यात आजही नाही. डॉक्टरने सद्भावनेने बनवलेले मत हेच कारण. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याची सबब २०२१ पर्यंत केवळ विवाहित स्त्रीला व तिच्या पतीला उपलब्ध होती.

आणि ती दंडसंहिता? १८६० च्या संहितेतील कलम ३१२ नुसार गर्भपात घडवून आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पण स्त्रीला पोटातील हालचाल जाणवू लागली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतः गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाच्या कक्षेत येते. हा तीन आणि सातचा फरक वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. गर्भात आत्मा अमुक एका टप्प्यावर प्रवेश करतो, या मध्ययुगीन ख्रिस्ती कल्पनेची छाया इंग्लंडच्या रूढ कायद्यावर पडली आणि तेथून ती आपल्याकडे आली. वसाहतवादाच्या खुणा पुसण्याचा गाजावाजा करून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम ८८ मध्ये तोच फरक आणि त्याच शिक्षा कायम आहेत. राज्यकर्त्यांचा धर्म बदलला, गर्भातील आत्म्याचा तेवढा राहिला.

परकीयांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. भ्रूणहत्या हा शब्द धर्मशास्त्राचा. तेथे ती महापातकांच्या पंक्तीला बसते. (काही भाष्यकारांनी भ्रूण म्हणजे वेदज्ञ ब्राह्मण असाही अर्थ लावला, हा भाग निराळा.) १८८१ मध्ये सुरतेत एका ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, तेव्हा चर्चा रंगली ती स्त्रियांच्या अनीतीची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या पदरात त्यांचे माप घातले. पुढे गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये महाराष्ट्राने आणि १९९४ मध्ये संसदेने कायदा केला. ते आवश्यकच होते. परंतु सरकारी फलकांवर ‘स्त्रीभ्रूणहत्या महापाप’ झळकले आणि लिंगनिवडीचा गुन्हा व कायदेशीर गर्भपात यांतील रेषा पुसली गेली. सेवेत असताना अशा फलकांच्या मसुद्यांवर मीही सह्या केल्या आहेत. पाप हा शब्द शासनाच्या लेखणीतून का उतरावा, असे तेव्हा मनातही आले नाही.

त्या पुसलेल्या रेषेची किंमत दवाखान्याच्या दारात मोजावी लागते. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी पतीची संमती लागत नाही, तरी ती मागितली जाते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेला विवाहितेच्या बरोबरीने वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा दिली आणि कायद्यात नसलेल्या अटी घालणाऱ्या डॉक्टरांच्या या प्रघाताची दखल घेतली. त्यामागील भीतीही न्यायालयाने ओळखली होती : डॉक्टरच्या डोक्यावर खटल्याची तलवार टांगलेली असते. ती दंडसंहितेच्या खुंटीला बांधलेली आहे.

२०२३ च्या निकालाला दोष देणे सोपे आहे. चोवीस आठवड्यांनंतर गर्भातील गंभीर व्यंग किंवा स्त्रीचा जीव वाचवण्याची तातडी, एवढीच दारे कायद्याने उघडी ठेवली आहेत. न्यायालय त्या भिंतींच्या आत चालले. जगू शकणाऱ्या गर्भाचा प्रश्न खरोखरच अवघड आहे आणि त्यावर मर्यादा घालणाऱ्यांना सनातनी म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. पण ही मर्यादा कोणत्या तत्त्वावर आखायची, याचा ऊहापोह संसदेने करायचा असतो. निदान पहिल्या तिमाहीत स्त्रीची इच्छा हेच पुरेसे कारण मानून गर्भपात फौजदारी संहितेबाहेर आणता आला असता. २०२१ ची दुरुस्ती झाली तेव्हा ती संधी होती, नवी न्याय संहिता लिहिली गेली तेव्हाही होती. दोन्ही वेळा कलमाचा क्रमांक तेवढा बदलला किंवा आठवडे वाढले. त्या विवाहितेच्या बाळंतपणाचा खर्च शासनाने करावा आणि मूल दत्तक द्यायचे की नाही ते आईबापांनी ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. तिला ठरवू दिलेली ती पहिली गोष्ट होती.