मोलाचा हेडफोन आणि त्याचा ॲम्प्लिफायर

उत्तम प्रतीचा हेडफोन घेतला की त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो : याला ॲम्प्लिफायर कोणता जोडावा? विक्रेत्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. हेडफोन ज्या किमतीचा, त्याच तोलामोलाचा ॲम्प्लिफायर हवा, असे तो सांगतो. सोयरीक जुळविताना घराणे पाहावे, तसाच हा न्याय. आणि पुष्कळांना तो पटतोही. परंतु विजेला प्रतिष्ठा कळत नाही, तिला आकडे कळतात. ते आकडे कोणते, ते कोठे सापडतात आणि त्यांवरून निवड कशी करावी, एवढेच या भाषणात सांगावयाचे आहे. मोठ्या शहरांबाहेर राहणाऱ्या रसिकाला तर याची अधिकच गरज आहे. कारण त्याला वस्तू प्रत्यक्ष ऐकून पाहण्याची सोय क्वचितच मिळते आणि बहुतेक वेळा ती न ऐकताच मागवावी लागते.

गॅलेनाच्या खड्यावर रेडिओ ऐकणाऱ्या जुन्या पिढीला हा प्रश्न पडला नव्हता. त्या संचाला बॅटरी नसे. एरियलने हवेतून पकडलेली अत्यल्प शक्ती, तेवढ्यावरच हेडफोनचा पडदा हालत असे. म्हणून त्याच्या वेटोळ्यात केसासारख्या बारीक तारेचे पुष्कळ वेढे घालीत व त्याचा रोध हजार-दोन हजार ओहमच्या घरात जाई. बोलणे कळे, गाणे जेमतेम ओळखू येई. आजचा हेडफोन सुराशी प्रामाणिक राहण्यासाठी घडविलेला असतो आणि त्या प्रामाणिकपणाची किंमत कोणी व्होल्टांत मागतो, तर कोणी प्रवाहात. कोणी तर फारसे काही मागतच नाही. महाग हेडफोन अधिक मागतो, असा नियम मुळीच नाही.

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधावेत. पहिला इम्पीडन्स, म्हणजे संरोध; तो ओहममध्ये दिलेला असतो. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनशीलता. ठराविक वीज दिली असता किती डेसिबेल आवाज निघतो, हे तो आकडा सांगतो. ‘संरोध मोठा, म्हणजे ॲम्प्लिफायर मोठा’ असा एक समज रूढ आहे. तो निम्माच खरा आहे. संरोधावरून वीज कोणत्या स्वरूपात लागेल एवढेच कळते. किती लागेल, हे संवेदनशीलतेवाचून कळत नाही.

येथेच एक खड्डा आहे व त्यात जाणतेही पडतात. संवेदनशीलता सांगण्याच्या रीती दोन आहेत. कोणी ती १ मिलिवॉट शक्तीला किती डेसिबेल अशी देतो, तर कोणी १ व्होल्ट दाबाला किती डेसिबेल अशी. सेनहायझर कंपनीच्या एचडी ६५० या हेडफोनचा आकडा आहे १०३ डेसिबेल. ऑडेझी कंपनीच्या एलसीडी-एक्स या हेडफोनचाही १०३. वाचणाऱ्याला वाटते, दोघांची भूक सारखीच. परंतु पहिला आकडा एका व्होल्टाचा आहे, दुसरा एका मिलिवॉटाचा. पहिल्याचा संरोध ३०० ओहम, दुसऱ्याचा अवघा २०. दोघांनाही एकच व्होल्ट देऊन पाहिले तर पहिला १०३ डेसिबेल देईल आणि दुसरा १२०. सतरा डेसिबेल म्हणजे शक्तीच्या हिशेबाने पन्नासपटींचे अंतर! तेव्हा आकडा वाचण्याआधी त्याच्यापुढचे एकक वाचावे.

आता हिशेब करू. घरी शांतपणे ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबेलच्या आसपास असते. तबल्याचा ठोका किंवा तारसप्तकातील पुकार तीहून २० डेसिबेल वर उसळू शकते, म्हणजे ९५. काही ध्वनिमुद्रणे मुळातच हळू आवाजात भरलेली असतात. त्यांच्यासाठी आणखी १५ डेसिबेलांची शिल्लक ठेवू. एकूण झाले ११०. एवढा आवाज प्रत्यक्ष ऐकावयाचा नाही. तेवढी ताकद हाताशी असावी इतकेच. ध्यानात ठेवावयाचा नियमही सोपा आहे : ३ डेसिबेल वाढले की शक्ती दुप्पट लागते आणि १० डेसिबेल वाढले की दहापट.

या हिशेबाने एचडी ६५० ला सव्वादोन व्होल्ट व सुमारे १७ मिलिवॉट शक्ती लागते. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० या हेडफोनची ६०० ओहमची आवृत्ती घेतली तर तिला २५ मिलिवॉट पुरतात, पण त्यासाठी दाब जवळजवळ ४ व्होल्ट हवा. फोन किंवा लहान उपकरणे अडतात ती येथे. शक्ती थोडी असूनही दाब पुरत नाही. एलसीडी-एक्सला केवळ ५ मिलिवॉट व एक तृतीयांश व्होल्ट पुरतो. म्हणजे एवढा भारी हेडफोन साध्या फोनवरही खुशाल वाजेल. आणि हायफायमॅनचा सुस्वारा, ज्याचे नाव ऐकून आपल्या ‘सुस्वर’ शब्दाची आठवण व्हावी, तो मात्र खरा खादाड. संरोध ६० ओहम, म्हणजे दिसावयास माफक. पण संवेदनशीलता मिलिवॉटाला ८३ डेसिबेल. त्याला ११० डेसिबेलांसाठी अर्धा वॉट शक्ती, साडेपाच व्होल्ट दाब आणि ९० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. एलसीडी-एक्सच्या शंभरपट! दोन्ही महाग, दोन्ही नावाजलेले. मात्र एकाला ॲम्प्लिफायर चैन आहे आणि दुसऱ्याला अन्नपाणी.

फोनला जोडण्याचे ॲपलचे बोटभर यूएसबी-सी ॲडॅप्टर सुमारे १ व्होल्ट देते. (युरोपात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीत याच्या निम्मेच.) म्हणजे एचडी ६५० ला त्यावर १०३ डेसिबेल मिळतात, आपण ठेवलेली शिल्लक निम्मी होते, बाकी काही बिघडत नाही. हळू आवाजात ऐकणाऱ्या गृहस्थाने याहून काही विकत घेतले नाही, तर त्याने संगीतावर अन्याय केला असे म्हणता येणार नाही.

विजेचे गणित असे जमले, की तिसरा आकडा पाहावयाचा. तो ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात असतो. त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. आपण त्याला ॲम्प्लिफायरचा अंतर्गत संरोध म्हणू. पुष्कळ जाहिराती तो देतच नाहीत, आणि जो आकडा जाहिरातीत नसतो त्याची चौकशी आधी करावी. हा संरोध हेडफोनच्या वाटेत बसलेला जकातदार आहे. तो व्होल्टांतील काही भाग स्वतःकडे ठेवून घेतो. सर्व स्वरांवर सारखीच जकात घेतली असती तर घुंडी थोडी अधिक फिरवून भागले असते. परंतु हेडफोनचा स्वतःचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. एचडी ६५० वर ३०० ओहम लिहिलेले असले, तरी खालच्या भागात, ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, तो सुमारे ५०० ओहमपर्यंत चढतो. ॲम्प्लिफायरचा अंतर्गत संरोध १२० ओहम असला, तर मध्यसप्तकातील स्वरांना ७१ टक्के दाब मिळतो व त्या खालच्या भागाला ८१ टक्के. फरक एका डेसिबेलाचा. काळी एकच्या षड्जावर लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते, डग्ग्याची घुमही त्याच प्रदेशात. ती दोन्ही किंचित फुगून ऐकू येतात. काही जणांना हा भरीवपणा आवडतो व ते त्याला ‘उबदार आवाज’ म्हणतात. आवडल्यास अवश्य ऐकावा. पण ती ऊब गवयाची नव्हे, जकातदाराची आहे, हे ठाऊक असावे.

१२० हा आकडा मी कल्पनेने घेतलेला नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या १९९६ सालच्या एका मानकात हेडफोनसाठी तेवढ्याच संरोधाची शिफारस होती. ट्रान्सफॉर्मर न वापरणाऱ्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांतही अंतर्गत संरोध असाच मोठा असतो. त्यांची ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनशी जोडी बरी जमते. पण तोच ॲम्प्लिफायर २० ओहमच्या एलसीडी-एक्सला जोडला, तर दाबाचे सात भाग होऊन सहा वाटेतच राहतात. एलसीडी-एक्स प्लेनर जातीचा, म्हणजे चुंबकांजवळ ताणलेल्या सपाट पडद्याचा आहे. त्याचा संरोध सर्व कंप्रतांना जवळजवळ सारखा असल्याने स्वर बदलत नाही, मात्र ताकद वाया जाते. अनेक सूक्ष्म ध्वनियंत्रे एकत्र बसविलेले कानात घालण्याचे इअरफोन असतील, तर स्वरच पालटतो. म्हणून अंतर्गत संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारी नियम आहे. १ ओहमच्या आतबाहेर असणारा ॲम्प्लिफायर घेतला म्हणजे बहुधा कोणत्याही हेडफोनसाठी ही काळजी उरत नाही.

हा एक अष्टमांशाचा नियम लोकांत रुजविला तो एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने. २०११ साली त्याने ‘ओ-टू’ नावाच्या एका साध्या ॲम्प्लिफायरचा आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. बाजारात सहज मिळणारे सुटे भाग वापरूनही अंतर्गत संरोध अर्धा ओहम व दाब सुमारे ७ व्होल्ट, असे ते यंत्र होते. कित्येक पटींनी महाग असणाऱ्या यंत्रांच्या मोजमापांपुढे त्याची मोजमापे उणी ठरत नव्हती. यावरून रसिकांत मोठा वाद माजला. स्वतःचे नाव उघड न करताच तो २०१२ साली लिहिणे थांबवून अंतर्धान पावला. त्याच्या आराखड्यावरून बनविलेली यंत्रे मात्र पुढेही विकली गेली. एचडी ६५० ला लागणाऱ्या दाबाच्या तिप्पट दाब त्यात आहे. त्यापुढे खर्च केलेला पैसा पेटीच्या घडणीवर, घुंडीच्या सुबकतेवर किंवा मालकीच्या समाधानावर जातो. तोही खर्च निषिद्ध नाही. फक्त त्याला ‘आवाजासाठी’ म्हणू नये.

दोन गोष्टी ओझरत्या सांगतो. वॉट पाहून भुलू नये. १ वॉटाऐवजी २ वॉटांचा ॲम्प्लिफायर घेतल्याने मिळतात ते फक्त ३ डेसिबेल. आणि ‘बॅलन्स्ड’ जोडणीत दाब दुप्पट मिळू शकतो, त्याचा उपयोग सुस्वारासारख्याला. इतरांना तिच्यावाचून काही अडत नाही.

गरजेपेक्षा फार बलिष्ठ ॲम्प्लिफायर घेण्यात तोटाही आहे. संवेदनशील हेडफोनवर त्याची सूक्ष्म ‘स्स्’ अशी खरखर ऐकू येते. गवयाने षड्ज लावून क्षणभर थांबावे आणि त्या शांततेत खरखर ऐकू यावी, यासारखा रसभंग नाही. शिवाय घुंडी थोडीशी हलविताच आवाज अंगावर येतो. आणि साध्या घुंड्यांच्या आरंभीच्या भागात डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्यामुळे गवय्या एका कानाकडे सरकून बसतो. यासाठी ‘गेन’ कमी-अधिक करण्याची कळ असलेला ॲम्प्लिफायर घ्यावा व ती कमीत कमीवर ठेवून आरंभ करावा. मात्र अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील खरखर त्या तबकड्यांतच आहे. कितीही मोलाचा ॲम्प्लिफायर ती काढू शकत नाही.

दोन ॲम्प्लिफायर ताडून पाहण्याची संधी मिळालीच, तर आधी दोघांचे आवाज समान करावेत. कानाला थोडा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि दुकानातले पुष्कळसे चमत्कार एवढ्यावरच उभे असतात. एक स्थिर सूर लावून हेडफोनच्या टोकांवरचा दाब व्होल्टमीटरने मोजावा व दोन्हींकडे ०.२ डेसिबेलच्या आत आणावा. मग कोणता वाजतो आहे हे न सांगता दुसऱ्याला अदलाबदल करावयास लावावी. त्यानंतरही हेडफोनचा स्वर पसंत पडत नसेल, तर दोष बहुधा हेडफोनचा असतो. ॲम्प्लिफायर बदलून तो जात नाही, इक्वलायझरने पुष्कळसा सुधारतो.

हेडफोनच्या बाबतीत एक धोका असा, की शेजारच्या खोलीतील माणसालाही आपण किती मोठ्याने ऐकतो हे कळत नाही, मग टोकणार कोण? ८५ डेसिबेलांचा आवाज दिवसाला ८ तास, ही कामगारांच्या कानांसाठी सांगितलेली सर्वपरिचित मर्यादा. दर ३ डेसिबेलांना ती निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबेलांना केवळ १५ मिनिटे. चांगल्या ॲम्प्लिफायरवर आवाज फाटत नाही, म्हणून तो वाढल्याची सूचनाही मिळत नाही, आणि अंतर्कर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट होतात त्या पुन्हा उगवत नाहीत. नवा ॲम्प्लिफायर प्रथम लावताना घुंडी शून्यावर ठेवावी. हेडफोन न जोडता यंत्र सुरू करून काही क्षण थांबावे. कित्येक यंत्रांत सुरू होताना विजेचा धक्का बसतो. नंतर हेडफोन जोडून, गाणे सुरू करून तो कानांवर चढवावा आणि मग घुंडी हळूहळू उघडावी.