एकांची रांग



नांदेडहून मनमाडच्या वाटेनें आणि लातूरहून पुण्याच्या वाटेनें मुंबईस जाणाऱ्या गाड्या कल्याण सुटल्यावर डोंबिवलीवरून जातात. या स्थानकाच्या ‘डेम्लो’ या जुन्या नांवावरून एका मराठी शिक्षकानें संख्यांच्या एका जातीचें नांव ठेविलें. ते शिक्षक म्हणजे द. रा. कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस अध्यापन करीत होते. डेम्लो संख्यांपैकी सर्वांत देखण्या त्या केवळ एक या अंकाच्या रांगांचे वर्ग होत : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१.

वर्गसंख्या ही मूळ संख्या असूं शकत नाहीं, हें उघड आहे. पण जिचा वर्ग केला ती रांग मूळ असेल काय? म्हणजे एक व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें तिला निःशेष भाग जाणार नाहीं काय?

वर्गांत आम्हीं हें करून पाहिलें. ११ मूळ आहे. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. १११११ म्हणजे ४१ × २७१. सहा एक म्हणजे तीन-तीन एकांचे दोन गट, म्हणून १११ × १००१. याप्रमाणें एकांची संख्या ज्या रांगेंत समान गटांत विभागतां येते, ती रांग फुटलीच पाहिजे. तेव्हां ७, ११, १३, १७ अशा मूळ लांबीच्या रांगाच उरल्या. त्याहि फुटतात! सात एक म्हणजे २३९ × ४६४९; सतरा एक म्हणजे २०७१७२३ × ५३६३२२२३५७. मुलें म्हणालीं, “अकरानंतर एकहि रांग मूळ नाहीं.” मींहि मान डोलविली, व फळ्यावर तसा नियम लिहिला. दुसऱ्या दिवशीं तो मला स्वहस्तें पुसावा लागला. कारण एकोणीस एकांची रांग मूळ आहे.

ती मूळ आहे हें ठरविण्यास सुमारे १०५ कोटींपर्यंतचे भाजक पाहावे लागतील. सुदैवानें एक नियम श्रम वांचवितो. लांबी तीनाहून मोठी व मूळ असेल, तर प्रत्येक भाजकांतून एक वजा केल्यास बाकीला लांबीच्या दुपटीनें भाग जातो. सात एकांचे अवयव पाहा : २३८ व ४६४८ या दोहोंसहि १४ नें भाग जातो. म्हणून एकोणिसांच्या रांगेसाठीं ३८ नें भागून एक बाकी उरणारे भाजकच तपासावयाचे. तरीहि ते कोट्यवधि आहेत, आणि शाळेची पाटी त्यास अपुरीच.

तेवीस एकांची रांगहि मूळ आहे. त्यापुढें एकदम ३१७ ची. मग १०३१ ची, जिची सिद्धता १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यानंतरची ४९०८१ एकांची, आणि तिची सिद्धता २०२२ सालीं यंत्रगणकाच्या साह्यानें पूर्ण झाली. अशा रांगा अनंत आहेत काय, हें जगांतील कोणाहि गणितज्ञास अद्यापि सिद्ध करतां आलेलें नाहीं. माझ्या वर्गांतील मुलांनीं मात्र या खेपेस हात वर केले नाहींत.