बाळाच्या अंगावर कॉफी? मोजा पाहू!

सहा! मंडळी, आजचा लकी नंबर. छे, लकी कसला! बाळाच्या अंगावर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग सहा किंवा जास्त असतील आणि प्रत्येक 5 मिलिमीटरहून मोठा असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञ गाठा. एखाद-दुसरा डाग? तो धडधाकट माणसांनाही असतो. नो टेन्शन!

मोजायचं कधी? मालिशवाल्या बाईंनी तेलाची वाटी उघडण्याआधी. उजेडात, कंपासपेटीतली पट्टी घेऊन. पाठ, पोट, मांड्यांच्या वळ्या, सगळं.

संशय कुणावर? न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 1. अरे बाप्पा, केवढं नाव! शॉर्टमध्ये एनएफ 1. साधारण 3000 बाळांमागे एकाला.

‘ग्रहणात भाजी चिरलीस ना, म्हणून डाग!’ आजी, केस डिसमिस. आरोपी आहे 17 व्या गुणसूत्रावरचं जनुक, 1990 मध्ये पकडलेलं. आणि माहीत आहे का? जवळपास निम्म्या मुलांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच. जनुकातला बदल नवाकोरा असतो.

कमरेवर निळसर-करडा डाग दिसतोय? तो मंगोलियन स्पॉट. आपल्याकडच्या बाळांत सर्रास, आणि बहुतेकांचा वाढत्या वयात फिकट होतो. निळा वेगळा, कॉफी वेगळी!

या आजाराचं टाइमटेबलही भन्नाट. कॉफीचे डाग आधी. काखेतले बारीक ठिपके बहुधा तिसऱ्या ते पाचव्या वर्षी. बुबुळावरच्या बारीक गाठी, म्हणजे लिश नोड्यूल, त्याहून उशिरा. म्हणून डॉक्टर ‘बघत राहू’ म्हणाले, तर ती टोलवाटोलवी समजू नका. आठव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं चित्र स्पष्ट होतं.

पण काही गोष्टींना वेटिंग लिस्ट नाही. एकाच पायाची नडगी पुढे-बाहेर वाकलेली (असं हाड मोडलं तर जुळता जुळत नाही), एक डोळा पुढे आलेला, नवा तिरळेपणा, कातडीखाली वाढणारी मऊ गाठ. नागपूरकरांनो, मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे. अंगणवाडीत येणारं बाल स्वास्थ्य पथकही बाळ तपासतं, तेही फुकट. या पथकांची देशव्यापी योजना 2013 मध्ये सुरू झाली आपल्याच पालघरमधून!

आता फिल्मी ब्रेक. ब्रिटिश अभिनेता ॲडम पिअर्सन आणि त्याचा भाऊ नील, दोघे एकसारखे जुळे. जनुक तेच, आजार तोच. ॲडमच्या चेहऱ्यावर गाठी; नीलचा चेहरा साफ, पण स्मरणशक्तीला फटका. ॲडमचा 2024 चा ‘अ डिफरंट मॅन’ बघाच.

आणि प्रसिद्ध ‘एलिफंट मॅन’ जोसेफ मेरिक? त्याला एनएफ असल्याचं वर्षानुवर्षं छापून येत होतं. 1986 मध्ये संशोधकांनी बोट दाखवलं भलतीकडेच, प्रोटियस सिंड्रोमकडे.

जाता जाता: गुणसूत्र 17 वं, आणि जागतिक एनएफ जागृती दिन? 17 मे! त्या दिवशी नागपुरात बाळाला झबलंसुद्धा नकोसं होतं. मोजणीला याहून सोयीचा मुहूर्त कुठला?