चार टायर की सहा?

कामशेतहून पवनानगरकडे जाणारा रस्ता बेडशावरून जातो. लेणी पाहायला येणाऱ्यांच्या मोटारी सोडल्या, तर या रस्त्यावरची खरी वर्दळ मालवाहू गाड्यांची. भाताची पोती, भाजी, दूध, विटा, खडी. या गाड्यांकडे मागून पाहिले तर त्यांचे सरळ दोन गट पडतात. बोलेरोसारख्या पिकअपला मागे प्रत्येक बाजूला एकच टायर असतो. 1986 साली आलेल्या टाटा 407 या टेंपोला मात्र प्रत्येक बाजूला दोन-दोन, जोडीने बसवलेले. म्हणजे एकाला एकूण चार टायर, दुसऱ्याला सहा. गाडी घ्यायची वेळ आली की घरात चर्चा रंगते: ‘मागे ट्रॉली किंवा कॉम्प्रेसर ओढायचा असेल तर सहा टायरच हवेत’. हे खरे आहे का?

बहुतेकांचे उत्तर असे असते, की टायर दुप्पट, म्हणजे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून पकडही दुप्पट. हे तपासायला शाळेतले गणित पुरते. समजा मागच्या आसावर 1600 किलो भार आहे आणि टायरमध्ये 60 पौंड हवा आहे. पंपावरचा हा ‘पौंड’ म्हणजे दर चौरस इंचावर एवढे पौंड. आपल्या मापात 60 पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 4.2 किलो. गाडीचा भार मुख्यतः ही हवाच पेलते. मागे दोनच टायर असतील तर प्रत्येकावर 800 किलो येतात आणि 800 ला 4.2 ने भागले की सुमारे 190 चौरस सेंटिमीटर होतात. टायर तेवढा चपटा होऊन जमिनीला टेकतो. मागे चार टायर असतील तर प्रत्येकावर 400 किलो, म्हणजे टेकणारा भाग सुमारे 95 चौरस सेंटिमीटर. चारांची बेरीज करून पाहा. ती पूर्वीइतकीच, 380 येते!

वर्गात हे सायकलवर करून दाखवता येते. मागच्या चाकाखाली आलेख कागद ठेवा, सायकलवर एका विद्यार्थ्याला बसवा आणि टेकलेल्या भागाभोवती खडूची पूड भुरभुरा. चाक उचलल्यावर कागदावर कोरा राहिलेला लंबगोल मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. टायरची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळे मोजलेला आकडा हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाही. पण हवा कमी केली की लंबगोल वाढतो, हे स्पष्ट दिसते.

हवा तीच ठेवली तर टेकणारे क्षेत्रफळ वाढत नाही. शिवाय कोरड्या, कठीण रस्त्यावर घर्षण मुख्यतः आसावरच्या भारावर अवलंबून असते, क्षेत्रफळावर फारसे नाही. तेव्हा सहा टायरांमुळे ओढण्याची ताकद वाढते, हा समज सोडून द्यायला हवा. ती ताकद इंजिन, गिअर आणि मागच्या आसावरचे वजन यांतून येते.

मग जोडचाके कशासाठी? मुख्य कारण उष्णता. रबराचा चेंडू एक मीटरवरून सोडला तर तो उसळून पुन्हा एक मीटरपर्यंत कधीच येत नाही. दबताना घेतलेल्या ऊर्जेपैकी काही भाग रबरातच उष्णता होऊन राहतो. टायरचेही तसेच. सत्तर सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी 60 किलोमीटर वेगाने सेकंदाला साडेसात फेरे घेते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला साडेसात वेळा दबून सुटतो. भार जितका जास्त आणि हवा जितकी कमी, तितके हे दबणे मोठे आणि टायर तितका गरम. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या डांबरावर, जादा भरलेल्या पिकअपचा मागचा टायर फुटतो तो बहुधा यामुळे. आणि एका बाजूचा एकुलता टायर घाटाच्या उतारावर फुटला तर गाडी त्या बाजूला बसते, मागे ट्रॉली असेल तर ती गाडीला आडवी ढकलते. जोडचाकात भार वाटला जातो, प्रत्येक टायर कमी दबतो, आणि एक गेला तरी गाडी थांबवण्यापुरता दुसरा तग धरतो.

तग धरतो तो मात्र थोडाच वेळ, आणि हे चालकाला कळले तरच उपयोग. आतल्या टायरची हवा गेलेली बाहेरून दिसत नाही. त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यावर पडतो, तो दुप्पट दबतो, तापतो आणि काही किलोमीटरांवर फुटतो. म्हणून जुने चालक चहाला थांबले की टॉमी घेऊन टायर ठोकत फिरतात. भरलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला ‘भद्द’ वाजतो. दोन टायरांमध्ये अडकलेला दगडही याच फेरीत निघतो. बेडशासारख्या गावात, मुरूम आणि खडीच्या वाटांवर, हा दगड नेहमीचाच. तो आत राहिला तर दोन्ही टायरांच्या भिंती कापतो.

टायर बनवणाऱ्यांना ही वाटणी बरोबरीची नसते हे ठाऊक असते. टायरच्या अंगावर 121/120 असा आकडा लिहिलेला आढळतो. हे भाराचे सांकेतिक अंक आहेत. 121 म्हणजे एकटा असताना 1450 किलो, 120 म्हणजे जोडीत असताना 1400 किलो. जोडीतल्या टायरला मुद्दाम कमी भार दिला आहे, कारण रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, दोघांची हवा आणि झीज सारखी नसते, आणि एकावर दुसऱ्यापेक्षा जास्त भार पडतोच. विद्यार्थ्यांना गावातल्या गाड्यांवरचे असे आकडे टिपून आणायला सांगावे.

आता ओढण्याकडे वळू. येथे ट्रॉली कोणत्या प्रकारची, हा प्रश्न टायरांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. चार चाकांची ट्रॉली आपले वजन आपणच पेलते. गाडीच्या हुकावर जवळजवळ काहीच टेकत नाही. दोन चाकांच्या ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो. समजा ट्रॉली 2000 किलोची आहे आणि तिचा दहावा हिस्सा, 200 किलो, हुकावर आहे. हूक मागच्या आसाच्या 1.2 मीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर 3 मीटर. तरफेच्या नियमाने पुढची चाके 200 × 1.2 ÷ 3, म्हणजे 80 किलोंनी हलकी होतात आणि मागच्या आसावर 200 नव्हे, 280 किलो वाढतात. पुढे हलकी झालेली गाडी वळवायला अवघड. ट्रॅक्टर पुढून उचलतो तो याच हिशेबाने.

म्हणून हुकावरचा भार शून्यावर आणावा, असे वाटेल. तसे करू नये. माल ट्रॉलीच्या चाकांच्या मागे रचला तर हूक वर उचलला जातो आणि वेग वाढताच ट्रॉली शेपटीसारखी डोलू लागते. अमेरिकेत घोड्यांच्या गाड्या आणि राहुट्या पिकअपने ओढण्याचा मोठा प्रघात आहे. तिथे ट्रॉलीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर ठेवावा असे सांगतात. फोर्ड, रॅम, शेवरोले यांच्या मोठ्या पिकअप तिथे मागे एकेरी किंवा जोड टायर अशा दोन्ही तऱ्हांनी मिळतात. जड, हुकावर बराच भार टाकणाऱ्या ट्रॉलीला लोक जोडचाके घेतात. त्यात भार पेलण्याचा फायदा आहेच, पण मागचा पाया रुंद होतो आणि आडव्या धक्क्याला दोनाऐवजी चार टायरांच्या भिंती तोंड देतात, म्हणून गाडी डोलते कमी.

बेडशात मात्र पावसाळाही मोजावा लागतो. रिकाम्या सहा टायरी टेंपोच्या प्रत्येक टायरवर भार इतका कमी असतो, की ओल्या मुरमावरचा पातळ चिखल कापून टायर खालच्या टणक थरापर्यंत पोहोचत नाही. तो वरच्यावर फिरतो. शिवाय दोन टायरांमधली फट चिखलाने भरते. अरुंद चाक इथे बरे चालते. खाचरांच्या बांधांमधून जाणाऱ्या वाटेला जोडचाकांची रुंदीही अडचणीची होते. खर्च पाहा: स्टेपनी धरून पाचाऐवजी सात टायर, आणि आतला पंक्चर झाला की बाहेरचाही खोलणे आले.

माझे मत विचाराल तर हंगामात इंद्रायणी तांदळाची पंचवीस-तीस पोती कामशेतला न्यायची, एरवी भाजी आणि दूध, आणि क्वचित मंडपवाल्याचा जनरेटर ओढायचा, अशा घराला चार टायरांची गाडी पुरे. पन्नास किलोची तीस पोती म्हणजे दीड टन. गाडीच्या कागदावर लिहिलेली मर्यादा तेवढी आहे का, हे घेण्याआधीच वाचावे. रोज विटा किंवा खडी भरून वर दोन चाकांचा कॉम्प्रेसर जोडायचा आणि खंडाळ्याचा घाट उतरायचा असेल, तर सहा टायर घ्यावेत. मात्र तेथेही ब्रेक तेच राहतात, टायर वाढले म्हणून वाढत नाहीत. उतारावर गिअर खालचाच ठेवावा लागतो.